घाबरणारा वीजवीर

दातांच्या दवाखान्यात लेखिकाबाई आपल्या नंबराची वाट बघत होत्या. त्यांच्या 'वीजवीर' कार्टूनच्या पुढच्या भागांत संवाद नकोत, नुसती हाणामारी हवी, असं निर्मात्याने सकाळीच बजावलं होतं. शेजारी एक चिमुरडी बापाला बिलगून बसली होती.

"बाबा, दुखेल?"

"तुझा वीजवीर कधी घाबरतो का गं?"

"घाबरतो की! पुलावर त्याचे पाय लटपटत होते. त्याच्या ताईला म्हणाला, मला भीती वाटतेय."

"मग?"

"ती म्हणाली, घाबरत घाबरत चल, मी आहे."

"आणि राक्षसाला कसं लोळवलं?"

"ते नाही आठवत. बाबा, तू आत येशील ना?"

"येणार तर!"

दोघं आत गेली. बाईंनी निर्मात्याला फोन लावला.

"पुढच्या भागातही तो घाबरणार, आणि तसं बोलूनही दाखवणार. वेळ कमी पडला तर हाणामारी कापा."