कुत्र्यानं आणलेला ससा

लांडग्यांचा आवाज टिपायला आफरीन माळावर रेकॉर्डर ठेवून आली होती. वारा घुसू नये म्हणून त्याला केसाळ टोपीही घातली होती. काल सकाळी बघते तर तो गायब! मैत्रिणीकडून मागून आणलेलं यंत्र ते. आज पुन्हा शोधायला म्हणून ती सोलापूरहून करमाळ्याच्या एसटीत बसली. पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

"सोजर, तुझ्या कुत्र्यानं ससा धरून आणला म्हनं?"

"कशाचा ससा! वरनं केसं, आत मशीन."

"कुनाचं गं?"

"काय म्हाईत. टोपलीखाली झाकून ठिवलंय, मालक आला तर दिऊ. लाल दिवा लागतोय त्याचा. पोरगी म्हनली, आई, आपलं समदं बोलनं त्यात भरतंय."

"आगं बया! मग?"

"मग काय, सासूबाई गप! कालधरनं एक शिवी न्हाय. सकाळी तर म्हनल्या, सोजरबाई, च्या घेता का?"

आफरीननं मागून तिचा खांदाच धरला.

"मावशी, ते माझंय! देवासारख्या भेटलात."

"व्हय? मग घिऊन जा की, माय." सोजर जरा घुटमळली. "पर आजच न्यायाचंय का?"