तीन कोटेशनं आणि एक नाणं

...नाही, पण मी म्हणतो, काचेमागे बसून हसायचं कशाला? भाव विचारला, भाव सांग! तर म्हणे, "काका, तुम्ही सकाळी पण येऊन गेलात ना?" गेलो होतो! आलो परत! दुकान उघडून बसलायस ते गिऱ्हाइकानं यावं म्हणूनच ना? तुम्हाला सांगतो, परदेशी जायचं सोपं आहे हो, विमान काय, ते आपोआप उडतं, पण जायच्या आधी तिकडचे पैसे विकत घेणं... तिथं भल्याभल्यांच्या खिशाला कात्री लागते! माझ्या नाही. उभं आयुष्य कारखान्याच्या खरेदी खात्यात काढलंय. खिळा घेतला तरी तीन कोटेशनं. साहेबांच्या खुर्चीचं चाक मोडलं, तर तीन कोटेशनं येईपर्यंत साहेब एका अंगावर कलून सह्या करत होते, पण कुणाला कंपनीला फसवू दिलं नाही! तीन कोटेशनं घेतल्याशिवाय आपण व्यवहार करत नाही. बास!

आणि त्या लोकांची चलाखी बघा. दारात हा एवढा फळा, "कमिशन नाही". लोक खूश! अरे, कमिशन नाही, पण भावात कापलंय त्याचं काय? मी सरळ विचारलं, "तो फळा राहू दे दारात. मी एवढे पैसे काचेखालून आत सरकवले, तर सगळं कापूनकुपून बाहेर किती येणार? तेवढं बोल." तर त्याचं हसणं बंद! दुसरीकडे भाव बरा, तर वरून सेवाशुल्क. तिसरीकडे बाई गोड बोलणारी, "सर, उद्या भाव उतरेल बहुतेक." उद्या गेलो, तर चढलेला! मी म्हटलं, "ताई, उतरणार होता ना?" तर म्हणते, "बहुतेक म्हटलं होतं, सर."

बरं, आमची ही प्रत्येक दुकानाबाहेर उभी. शेवटी म्हणाली, "अहो, या पायपिटीत चपलेचा अंगठा तुटला, तो धरलात का हिशेबात?"

पण जिंकलो! पहिलाच, तो हसणारा, शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, एक करा. सगळ्या मोठ्या नोटा घ्या. सुटे महाग पडतात, मोठ्या नोटा स्वस्तात देतो." झालं! घेतल्या. सगळ्या मोठ्या, कोऱ्या करकरीत, बनियनच्या आतल्या खिशात. सगळ्या गावात माझ्याइतका चांगला भाव कुणाला मिळाला असेल, तर आणून दाखवा!

आणि विमानतळावर हिनं काय करावं? सोडायला हिचा भाऊ आला होता. तो म्हणजे भाव न बघता खर्च करणारा माणूस. तो म्हणाला, "ताई, थोडे सुटे असू दे जवळ," आणि ही शिवणकाम करून साठवलेल्या पैशातून तिथल्याच खिडकीवर बदलून आली! विमानतळावर! जिथे भाव म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा! मी ओरडलो, "अगं, एक तरी कोटेशन घेतलंस?" ही म्हणाली, "घेतलं की. त्याचंच." मेहुणा खो खो हसतोय, "भाऊजी, मजा करायला चाललाय की टेंडर भरायला?" हस बाबा, हस! तीन कोटेशनं घेतल्याशिवाय आपण व्यवहार करत नाही!

तर तिकडे पोचलो. पहिल्या सकाळी कॉफी घेतली, मी ऐटीत नोट काढली. कॉफीवाल्यानं नोट बघितली, मला बघितलं, पुन्हा नोट बघितली आणि दोन्ही हात वर! मी दरोडेखोर असल्यासारखे! सुटे नाहीत म्हणे. ही पुढे झाली, पर्स उघडली, चिल्लर मोजली, दिली. बसमध्ये तेच. पाव घ्यायला गेलो, तेच. एका बँकेत मोडून देत होते, पण त्यासाठी शुल्क! माझाच पैसा मोडायला मीच शुल्क देऊ? मी काय वेडा आहे? नोट परत बनियनमध्ये.

मग आला तो डोंगर. वर बर्फ, खालून रोपवे. या बाईला, तुम्हाला सांगतो, लग्नापासून एकच हौस, बर्फात हात घालून बघायचा. बाकी काही मागितलं नाही हो तिनं कधी, खोटं कशाला बोलू. पण तिकिटाचा भाव वाचला आणि मी पाय मागे घेतला. म्हटलं, "अगं, इथून काय छान दिसतंय! आणि बर्फ तो बर्फच, घरी फ्रिज आहे की आपला." ही वळली. बाकावर जाऊन बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, तोंड डोंगराकडे.

तोपर्यंत मी काय केलं? तिथे एक नळ होता, प्यायचं पाणी फुकट! परदेशात फुकट म्हटल्यावर सोडतो मी? दोन बाटल्या रिचवल्या. बाहेर ही थंडी! आता पुढचं सांगायला नको... पण सांगतो. स्वच्छतागृहाकडे पळालो, तर दारात लोखंडी फाटक, फाटकाला फट, त्या फटीत नाणं टाकल्याशिवाय फाटक हलत नाही! नोट दाखवली त्याला. फाटकाला काय कळतंय भाव-बिव!

पण नियम तो नियम. तशा अवस्थेतही मी नियम सोडला नाही. पहिलं कोटेशन, समोरचा टोपीवाला दुकानदार. त्याच्याकडे माल नाही. दुसरं, तिकिटाची खिडकी. "देतो, पण रांगेतून या." रांग थेट रस्त्यापर्यंत, म्हणजे डिलिव्हरी उशिरा! तिसरं... बाकावर.

म्हटलं, "अगं, एक नाणं दे." ही डोंगराकडेच बघत म्हणाली, "देते की. काय भाव देताय?"

"भाव? बायको आहेस ना माझी?"

"एका नाण्याला एक नोट. मोठी."

"एका नाण्याला अख्खी नोट? अगं, विमानतळवाला परवडला!"

"मग जा ना त्याच्याकडे."

घामाघूम झालो हो, त्या थंडीत! नोट काढली, दिली, नाणं घेतलं, पळालो. परत आलो तर माझीच नोट घेऊन ही तिकिटाच्या रांगेत! रांग सरली तशी हिच्या हातात दोन तिकिटं!

वर गेलो. खरं सांगू? ही बर्फात गुडघे टेकून बसली, कोपरापर्यंत दोन्ही हात आत, आणि अशी हसत होती, अशी हसत होती, की मला लग्नातली ही आठवली. बरं वाटलं. फार बरं वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं.

आणि डोळ्यांतच आलं असतं तर एक वेळ चाललं असतं! पण दोन बाटल्या होत्या त्या, आणि वर थंडी खालच्या दुप्पट! वळून बघतो, तर वरच्या स्वच्छतागृहालाही फाटक, फाटकाला फट... मी हिच्यापुढे हात पसरला. म्हटलं, "भाव तोच ना?"

ही हात झटकत म्हणाली, "छे हो! उंचीवर भाव चढतो."

दिल्या दोन नोटा. कोटेशन? अहो, कसलं कोटेशन घेऊन बसलात!