चुलीजवळच्या लोंब्यांचं पोस्टर

बोईसर स्टँडवर मासवणच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी कॉलेजातली दीपिका नुकतंच छापून आणलेलं प्रकल्पाचं पोस्टर उघडून उभी होती. तिची आई चार पावलं लांब.

"आये, वाचू नको. नुसती चित्रं बघून सांग."

"मला कुठं वाचता येतंय? ही आपली चूल. भाताच्या लोंब्या टांगल्यात, धूर लागतोय."

"आन खाली?"

"डब्यातलं बी. त्याला कीड लागलीय. धुरातल्याला नाय."

"झालं. वर्षभर आमी हेच तपासलं. आधी नुसती अक्षरंच भरली होती मी. सर बोलले, लांबून कळलं पाहिजे."

"लोंब्या चुलीच्या बाजूला काढल्यास, बरं केलंस. चुलीच्या डोक्यावर टांगल्या तर बी भाजतं."

"आधी कच्च्या चित्रात डोक्यावरच काढल्या होत्या. तूच बदलायला लावल्यास."

"वर काय लिवलंय?"

"ज्यांनी काम केलं त्यांची नावं. पहिलं माझं, शेवटचं सरांचं."

"आन मधलं?"

"बायडी जिव्या वरठा."

"माझं?"

"तुझंच. चल, गाडी आली. गुंडाळते."

"जाऊ दे ही गाडी. जरा धर तसंच."