जाफन्याहून आलेलं पत्र

…व्हय, किल्ली मीच काढली, मामंजी. काल आंघोळ घालताना, तुमच्या करदोऱ्याची. असं बघू नका, तोंड उघडा, पेज गार व्हतीय. लकवा मारून वाचा गेली तुमची, आता पेटी कुणापासनं राखायची? मला वाटलं, ह्यांचं मेडल एकदा पुसून ठिवावं — अडतीस वर्सांत हात लावू दिला न्हाय तुमी. तर मेडलाखाली त्ये निळं पत्र. लंकेतनं आलेलं शेवटचं. मला वाचता येत न्हाय म्हणून तुमीच वाचलं हुतं — मी चुलीम्होरं, तुमी उंबऱ्यावर. ‘माझं काय झालं तरी लीलानं हे घर सोडू नये.’ असंच वाचलंत ना? महिन्यानं तार आली, जाफन्याच्या लढाईत कामी आले म्हणून. मग मी त्योच शब्द धरून बसले.

काल धाकल्या भावजींच्या सुनंला, संजीवनीला म्हणलं, तू शिकलेली हायस, वाच. वाचता वाचता थांबली. म्हणली, काकी, ह्यात तसं न्हाय. ‘मी नाही आलो तर लीलाला अडकवून ठेवू नका, आबा. विशीचीसुद्धा नाही ती. तिचं दुसरं लग्न लावून द्या.’ खाली सही, महिपती. दोनदा वाचाय लावलं मी — दोनदा त्येच.

कळसचा हिंदुराव दोन डाव माझ्या भावाकडं मागणी घालाय आला हुता. ठावं हाय ना तुमाला? मी काय म्हणलं — ह्यांचा शेवटचा शब्द हाय, मोडायची न्हाय. समदी म्हणली, लई मानी बाई. मानी कसली — मला आवडला हुता त्यो. हां, बोलले. बैलाशी बी हळू बोलायचा. पंधरा आगस्टला शाळंत मला खुर्चीवर बसवायचे, वीरपत्नी म्हणून नारळ द्यायचे, आन मी नारळ घिऊन घरी यायची, तुमच्या म्हशींच्या धारा काढाय.

कशापायी केलंत? सासूबाई अंथरुणाला हुत्या, गोठा हुता — व्हय, तेवढं समजतं मला. त्ये एकवेळ पोटात घालीन. पर शेवटाला आणिक एक ओळ हाय. ‘लीलाला विचारून तिचं उत्तर कळवा, वाट बघतोय.’ आन तुमी कळवलंत. शाई लावून माझा अंगठा घेतलात — खुशालीचं हाय म्हणालात, मी बी हसत उठवला. त्ये पत्र पोचलं असल ना त्यास्नी? काय ल्हिलं हुतंत माझ्या नावानं? काय वाचून गेले ते, मामंजी?

नुसती मान तर हलवा.

बरं. वाटी ठिवते हितं. उद्यापासनं संजीवनी भरवल तुमाला.