वरची बाजू कोणती?

फडफड! मी वर्गात ‘कविता’ एवढंच म्हणायचो आणि सगळी पुस्तकं एकदम उघडायची. पारव्यांचा थवा उठावा तसा तो आवाज अजून कानात आहे. सन्माननीय अध्यक्ष पंढरीनाथराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टर अभिनव, आणि जेसल पार्कपासून डोंगरीपर्यंत पसरलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, या निवृत्त मराठी मास्तराचा तुम्हाला नमस्कार.

अभिनवचं शास्त्र मला त्या फडफडीमुळेच समजलं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दप्तरात एकच पुस्तक असतं, पण सगळं पुस्तक कोणीच वाचत नाही. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं ठरावीक पानांवर जाऊन बसतात. हे वाचा म्हणतात, ते मिटा म्हणतात. आपल्या त्वचेचं, आतड्याचं अस्तर घडवणाऱ्या ज्या एपिथेलियल पेशी, त्यांच्यापुढे योग्य पान उघडलं की त्या शेजारणीचा हात घट्ट धरतात. आपली वरची बाजू कोणती, खालची कोणती, हे ओळखतात. आणि अस्तर उभं राहतं! ना घंटा, ना छडी. इतकी देखणी कविता मी उभ्या आयुष्यात शिकवली नाही.

अभिनव आणि त्याची विद्यार्थिनी जॉयस, तीही माझ्याच वर्गातली, यांनी माशाच्या गर्भातून असा एक फॅक्टर काढून घेतला. पेशी विस्कटल्या. तो परत दिला, तर पेशींनी पुन्हा हात धरले. पण शास्त्रात एकदा घडून भागत नाही. पुन्हा करून दाखवावं लागतं. म्हणून माझ्या मागे पेशींच्या चित्रांचे हे दोन मोठे फलक लावलेत. डावीकडे ‘पहिला प्रयोग’, उजवीकडे ‘दुसरा प्रयोग’.

मंडळी, पाहुण्यांची वाट बघत मी मघाशी तासभर या फलकांकडे पाठ करून बसलो. वय झालंय, डुलकी लागली, मान खुर्चीच्या पाठीवरून मागे कलंडली. जाग आली तेव्हा जग उलटं दिसत होतं आणि दुसरा फलक मला पहिल्यासारखा दिसला! हुबेहूब. डावीकडच्या चित्रात वर उजव्या कोपऱ्यात केसासारखा एक बाकदार धागा आहे, दिसतोय? आता उजवीकडच्या चित्रात खाली डाव्या कोपऱ्यात बघा. तोच धागा. हसू नका. चित्र एकच आहे, फक्त उलटं केलंय. पेशीलासुद्धा आपली वरची बाजू कळते हो!

काय म्हणता, पंढरीनाथराव? “सर, आवरतं घ्या, जेवण थंड होतंय”? होऊ द्या. मघाशी दिलेला पेढा अजून माझ्या तोंडात फिरतोय, गिळवत नाहीये. शिसारी येते ती खोटेपणाची नाही एवढी, खोटेपणाला घातलेल्या या झेंडूच्या हारांची येते.

गेल्या आठवड्यात जॉयस घरी आली होती. म्हणाली, “सर, दुसऱ्या टायमाला पेशींनी हात धरलाच न्हाय. तीनदा बघितलं मी. आता डॉक्टर म्हणतात, या चित्राखाली तुझं नाव घाल, मगच प्रबंधावर सही करतो.”

“मग?”

“न्हाय घातलं. बाबा म्हणतो, होडीवर ये, मासळीत बर्फ भर. पाच वर्षं सर, पाच वर्षं! पण खोट्याखाली नाव न्हाय घालायची. आणि त्या सत्काराच्या दारात तर पाय न्हाय ठेवायची.”

मला वाटलं, पोर रागावलीय, निवळेल. आज फलक बघितला.

अभिनव, खाली बघू नकोस. सातवीत असताना तू भर स्नेहसंमेलनात कविता म्हणत होतास. मधलं कडवं आठवेना. तू थांबलास आणि माईकमध्येच म्हणालास, “सर, मधलं विसरलो.” काय टाळ्या पडल्या होत्या त्या दिवशी! केबिन रोडवर ब्लाउज शिवणारी तुझी आई मागे उभी राहून डोळे पुसत होती. पहिलंच कडवं दुसऱ्यांदा म्हणून तू वेळ मारून नेली नव्हतीस. आज काय केलंस? पेशींनी हात धरला नाही, एवढंच लिहायचं होतं. त्यात कसली लाज? का धरला नाही, ते शोधण्यात तुझं उरलेलं आयुष्य सोन्याचं झालं असतं.

पहिल्या रांगेतली ही खुर्ची उर्मिलाताईंसाठी, तुझ्या आईसाठी, राखून ठेवली होती. गुडघ्यांमुळे त्या आल्या नाहीत, असं तू जाहीर केलंस. मला मात्र त्यांनी दुपारी फोनवर सांगितलं, “मास्तर, जॉयस मला सगळं सांगून गेली. गुडघे ठणठणीत आहेत. उलटं कापड लागलं तर मी अख्खी शिवण उसवते. त्याच्या हारतुऱ्याला मी नाही यायची.”

असो. मंडळाने मला बोलावलं, तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. मला पांघरलेली ही शाल मी इथेच ठेवतो. म्हाताऱ्याच्या जिभेने समारंभाचा विरस केला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर लहानांनी आणि थोरांनी पोटात घालावं. माईक आता अभिनवचा.

दारात कसली गडबड आहे? बंटी, अडवू नकोस रे, येऊ दे त्यांना. अहो, उर्मिलाताई! आणि हात घट्ट धरून कुणाला आणलंत? ये, जॉयस, आत ये पोरी. प्रबंध आणलास ना?

अभिनव, ऊठ. आईला खुर्ची दे. आणि खिशातलं पेन काढ.