यादीतलं पहिलं नाव

अमेरिकेतल्या ओमाहा शहरात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची बारावीतली नात कॉलेजांची यादी आणि पेन्सिल घेऊन बसले होते.

“टेसा, बॉस्टनचं कॉलेज यादीत राहू दे. मी गावभर सांगून बसलोय.”

“आजोबा, तिथे शंभरातल्या चौघांना घेतात.”

“त्या चौघांत तू!”

“रसायनशास्त्रात मी जेमतेम तरलेय. डॉक्टर व्हायचं तर कॉलेजची चारही वर्षं चांगले मार्क हवेत. इथे जवळच, लिंकनच्या कॉलेजात ते मिळवीन मी.”

“लिंकनला काय, कुणीही जातं.”

“जाऊ देत. तिथून मेडिकलला मी जाणार.”

“आणि नाहीच घेतलं तर?”

“मेडिकलची प्रवेशपरीक्षा पुन्हा देईन.”

आजोबांनी यादी स्वतःपुढे ओढली.

“आण ती पेन्सिल. बॉस्टन मीच खोडतो. तू खोडलेलं मला बघवणार नाही.”