डिस्ट्रिब्युटरचा कौल

हसू नका रे, त्या दिवशी माझी खरंच तंतरली होती. आमचे अण्णा, म्हणजे माझे मालवणी सासरे, विक्रोळीच्या गॅरेजात एक जुनी रेसची गाडी बाळगून आहेत. तिच्या इंजिनाला डिस्ट्रिब्युटर बसवायचा होता. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी तोच पोचवतो. ठिणगी भलत्या वेळी पडली की कार्ब्युरेटरमधून भडका! मागच्या खेपेला अण्णांच्या भुवया जळाल्या होत्या. आणि त्या गाडीत पेट्रोलची टाकी सीटच्या अगदी पाठीला.

टेबलावर दोन ठेवले होते. उजवीकडे गाडीचा मूळचा, शाफ्ट ढिला झालेला. डावीकडे नवाकोरा इलेक्ट्रॉनिक.

"अण्णा, नवाच लावा ना," मी म्हटलं.

अण्णांनी गावच्या देवाच्या तसबिरीवर उजवीकडे एक, डावीकडे एक ओली पाकळी चिकटवली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात कौल मागितला; जी पाकळी पडेल ते देवाचं उत्तर. बराच वेळ काही हलेना. मग डावी पाकळी पडली.

"सुटलो!" म्हणत मी नवा उचलला. अण्णांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि शांतपणे जुनाच बसवायला लागले.

"अहो अण्णा, डावा कौल आला ना?"

"डिस्ट्रिब्युटर देवाक कित्याक इचारू? ता माका कळता."

"मग विचारलंत काय?"

"आज गाडी मिया चलवू काय, असा इचारलंय. डावी पडली म्हणजे देव नको म्हणता."

आणि हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवून त्यांनी पट्टा आवळला. "बसा, जावयबापू."